लाल बॅग दिसली तर गप्प बसू नकोस

अगं, परवा फोनवर तू सगळं नीट सांगितलंस. वजन, बीपी, सकाळी पोटातून किती पाणी निघालं, पायावर सूज आहे की नाही, सगळं. आणि फोन ठेवायच्या वेळी आवाज एकदम बारीक करून म्हणालीस, "ताई, पाणी जरा लालसर येतंय. पण असू दे, मी बघते." मागे टीव्ही चालू होता, म्हणजे घरातली माणसं तिथंच बसलेली असणार. तुला बोलता येईना, हे मला कळलं. म्हणून आज लिहूनच पाठवते आहे. सावकाश वाच. आणि वाचून झालं की नवऱ्यालाही दे, कारण रात्रीची बॅग तोच लावतो.

आधी जिवाला धीर दे. एक लिटर पाण्यात जेमतेम 2 मिलिलिटर रक्त मिसळलं तरी त्याला लाली दिसते. तुझी बॅग 2 लिटरची आहे. म्हणजे चहाचा एक चमचाही भरणार नाही एवढ्या रक्तानं अख्खी बॅग गुलाबी होते. पारदर्शक प्लॅस्टिक, त्यात स्वच्छ पाणी, वर ट्यूबलाइटचा उजेड; ती लाली डोळ्यांत भरते आणि बाईच्या पोटात गोळा येतो. आत काही फाटलं का, नळीनं आतडं टोचलं का, आता पोटाचं डायलिसिस बंद करून मशीनवर जावं लागणार का, असले सगळे विचार एका मिनिटात येऊन जातात. बॅग बदलायला शिकवायचं काम मी इतकी वर्षं करते आहे, त्यामुळे हे विचार मला न सांगताही ऐकू येतात.

तर ऐक. पोटाच्या डायलिसिसवर असलेल्या आणि पाळी येणाऱ्या बायकांमध्ये लाल पाण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण पाळी हेच असतं.

हे असं का होतं, ते समजून घे. पुरुषाच्या पोटाची पोकळी चहूबाजूंनी बंद असते. बाईची तशी नसते. गर्भपिशवीच्या दोन्ही बाजूंच्या नळ्यांची तोंडं थेट पोटाच्या पोकळीत उघडतात, कारण बीजकोशातून सुटलेलं बीज त्यांना आत घ्यायचं असतं. पाळीच्या दिवसांत बहुतेक रक्त खाली जातं, पण थोडंसं या नळ्यांतून उलटं वर जाऊन पोटात उतरतं. हे फक्त तुझ्याच बाबतीत होतं असं समजू नकोस. जॉन सॅम्पसन नावाच्या अमेरिकी डॉक्टरनं 1920च्या दशकातच ही उलटी वाट दाखवून दिली होती. पुढे 1984 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, नळ्या मोकळ्या असलेल्या बायकांची पाळीच्या सुमारास दुर्बिणीतून तपासणी केली, तेव्हा दहातल्या नऊ जणींच्या पोटात रक्त सापडलं. म्हणजे तुझ्या जावेला, नणंदेला, मला, सगळ्यांनाच हे होत असणार. आमचं पोट ते थोडंसं रक्त मुकाट्यानं शोषून घेतं आणि आम्हाला पत्ताही लागत नाही. तुझ्या पोटात पाणी असतं, ते चार-सहा तासांनी बाहेर येतं, म्हणून तुला दिसतं.

आणखी एक. पुष्कळदा बॅग आधी लाल होते आणि पाळी एकदोन दिवसांनी दिसते. कुणाला दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांतही, पुढच्या पाळीच्या साधारण चौदा दिवस आधी, बीज सुटताना थोडी लाली येते. पाळीचा काही पत्ता नसताना बॅग लाल झाली की बाई जास्तच घाबरते, म्हणून हे तुला आधीच माहीत असू दे.

आता माझी मुख्य गोष्ट. तुझ्याकडची वही उघड. तारीख, वेळ, कुठली बॅग, पोटात किती टाकलं, किती निघालं, वजन, बीपी, लघवी असे रकाने असतील. पाळीचा रकाना नाही. मला या गोष्टीचा खरोखर राग येतो. दिवसाला चार वेळा पोटातलं पाणी मोजून लिहिणारी बाई महिन्यातून एकदा येणारी पाळी लिहीत नाही, कारण तिला कुणी लिही म्हणून सांगितलेलंच नसतं. शिकवणारे सांगत नाहीत आणि डॉक्टर विचारत नाहीत. मग लाल बॅग घेऊन ती दवाखान्यात येते, तेव्हा पहिला अर्धा दिवस पाळी कधी आली होती हे आठवण्यात जातो. किडनी निकामी झाल्यावर पाळीचं गणित आधीच बिघडलेलं असतं. कुणाला महिनोन्महिने येत नाही, कुणाची डायलिसिस नीट लागू पडल्यावर परत सुरू होते, कुणाला अंगावरून फार जातं. नुसत्या आठवणीवर हे सांभाळता येत नाही. तू एक रकाना आख. पाळी आली त्या दिवशी खूण कर, संपली की खूण कर. शेजारी पाण्याचा रंग लिही: स्वच्छ, पिवळसर, गुलाबी, लाल. तीन-चार पाळ्या झाल्या की तुझी तुलाच रीत कळेल. कुणाची एकच बॅग गुलाबी येते, कुणाच्या दोन दिवस येतात, कुणाला काहीच दिसत नाही. स्वतःची रीत माहीत असलेली बाई वेगळं काही घडलं की लगेच ओळखते, आणि जिवाचा धोका असा वेळेवर ओळखण्यानंच टळतो.

घरातलं बोलते, राग मानू नकोस. तुझ्या सासूबाई अजून पाळीत बाजूला बसायला लावतात, हे मला ठाऊक आहे. देवघर, स्वयंपाकघर याबद्दल तू आणि त्या बघून घ्या, त्यात मी पडत नाही. पण बॅगेची जागा हलायची नाही. ज्या कोपऱ्यात पंखा बंद करून, दार लावून, हात साबणानं धुऊन तू बॅग बदलतेस, तोच कोपरा महिन्याचे तीसही दिवस तुझा. पडवीत, गोठ्याजवळच्या खोलीत किंवा न्हाणीघराशेजारी बसून बॅग बदलायची नाही. पाळी आहे म्हणून एखादी बॅग चुकवायचीही नाही. जंतू पोटात शिरले तर पोटाच्या पडद्याला सूज येते, आणि लाल पाण्यापेक्षा तो त्रास कितीतरी मोठा असतो. सासूबाईंना सांगायला जड जात असेल तर माझं नाव सांग. ताईनं बजावलंय म्हण.

तुझा नवरा बॅग बदलतो, म्हणजे लाली त्यालाही दिसणार. त्याच्यापासून लपवण्यात अर्थ नाही. मी घरोघर जाऊन पाहिलंय, बायकोच्या पाळीबद्दल कधी अवाक्षर न काढलेले पुरुष एकदा नीट सांगितलं की तारखा स्वतः लिहून ठेवतात. त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं, एवढंच.

आता लाल पाणी आल्यावर काय करायचं. बॅग ओतून टाकू नकोस. आपण एरवी पाणी संडासात ओतून पिशवी कचऱ्यात टाकतो, तसं या वेळी नाही. बॅग सपाट ठेवून तिच्याखाली वर्तमानपत्र धर आणि अक्षरं वाचता येतात का बघ. उजेडात मोबाइलवर फोटो काढ. गुठळ्या किंवा पांढरे धागे दिसतात का पाहा. बीपी घे, नाडी मोज, ताप बघ. मग फोन कर. रात्र असली तरी कर. आपल्याकडे पोटाचं डायलिसिस घेतात ती बरीचशी माणसं मशीनचं केंद्र लांब आहे म्हणूनच घेतात. फोन हाच तुमचा दवाखान्याचा दरवाजा आहे, तो वाजवायला लाजायचं नाही.

पाणी गुलाबी आहे, अक्षरं वाचता येतात, पोट दुखत नाही, ताप नाही, पाळीची तारीख जुळते, असं असेल तर बहुधा आम्ही एवढंच सांगतो की लागोपाठ दोनतीन बॅगा लवकर भरून लगेच काढ. प्रत्येक बॅगेला रंग फिका पडत गेला की काळजी मिटली. या बॅगा नेहमीसारख्या अंगाइतक्या कोमट करायला आम्ही सांगत नाही. खोलीत जशी आहे तशीच लावायला सांगतो, कारण थोड्या गार पाण्यानं आतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. फ्रीजमध्ये मात्र ठेवायची नाही हं. नाहीतर गार म्हटलं की लोक बर्फावर येतात.

रक्ताची गुठळी नळीत बसली तर पाणी अडतं. म्हणून दवाखान्यात कधी कधी बॅगेत हेपॅरिन टाकतात. हे ऐकून तुझा नवरा गोंधळेल, कारण हेपॅरिन म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध, आणि इथं तर रक्त येतंय. पण पोटाचा पडदा ते औषध अंगात जवळजवळ शोषूनच घेत नाही. ते बॅगेतल्या पाण्यातच काम करतं आणि पाण्याबरोबर बाहेर पडतं. टाकायचं की नाही आणि किती, हे मात्र डॉक्टरांनीच ठरवायचं.

गोळ्यांबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. पाळीत पोट दुखलं की मेडिकलमधून मेफेनामिक अ‍ॅसिडची गोळी आणून घ्यायची सवय आपल्या बायकांना आहे. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन हीही त्याच जातीची औषधं. तुला अजून दिवसाला थोडी लघवी होते ना, ती सोन्यासारखी जप. या गोळ्या तीच कमी करतात. दुखलं तर पॅरासिटामॉल चालते, किती घ्यायची ते विचारून घे. दुसरी गोष्ट, अंगावरून जास्त जायला लागलं की रक्त थांबवायची म्हणून जी गोळी मिळते, ती बहुतेक वेळा ट्रानेक्झॅमिक अ‍ॅसिड असते. ते औषध लघवीवाटे बाहेर पडतं. किडनी चालत नसेल तर शरीरात साचतं आणि झटकेसुद्धा येऊ शकतात. गावातल्या डॉक्टरनं चांगल्या हेतूनं लिहून दिलं तरी किडनीच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय तोंडात टाकायचं नाही. आणि हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफॅरिन चालू असेल, तर लाल पाण्याची खबर त्याच दिवशी द्यायची. त्या गोळ्या मनानं बंदही करायच्या नाहीत.

आता नीट लक्ष दे, कारण प्रत्येक लाल बॅग पाळीची नसते.

दोनतीन बॅगांनंतरही रंग फिका न पडता गडद होत गेला, अक्षरं दिसेनाशी झाली, गुठळ्या आल्या. किंवा पोटात जोरात दुखायला लागलं, खांद्यापर्यंत कळ गेली, घाम फुटला, उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली, बीपी खाली गेलं, तर मला फोन करून उत्तराची वाट बघत बसू नकोस. 108 ला फोन करून अ‍ॅम्ब्युलन्स बोलाव आणि थेट इस्पितळात जा. लाल बॅग बरोबर ने. तिथं त्या पाण्यात रक्ताच्या पेशींचं प्रमाण मोजतात. त्याला हिमॅटोक्रिट म्हणतात. ते 2 टक्क्यांच्या वर गेलं तर आत कुठल्यातरी अवयवातून रक्त येतंय असं धरून सोनोग्राफी, सीटी स्कॅन करतात. बीजकोशातली गाठ फुटलेली असू शकते, स्वादुपिंडाला सूज असू शकते, प्लीहा किंवा यकृताचं काही असू शकतं. ज्यांना किडनीत पाण्याच्या गाठी होण्याचा घराण्यात चालत आलेला आजार आहे, त्यांची एखादी गाठ फुटूनही पाणी लाल येतं.

लालीबरोबर पाणी गढूळ असेल, पोट दुखत असेल, ताप असेल, तर जंतुसंसर्ग धरूनच चालायचं. पाण्याचा नमुना तपासायला जातो. दर मायक्रोलिटरमागे 100 हून जास्त पांढऱ्या पेशी आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त न्यूट्रोफिल निघाल्या, तर लगेच अँटिबायोटिक सुरू करतात. रक्तामुळे पाणी गढूळ दिसतंय की जंतूंमुळे, हे डोळ्यांनी ठरवता येत नाही. तू ठरवू नकोस, मीही ठरवत नाही.

एक गोष्ट बायका विचारतच नाहीत, म्हणून मीच सांगते. डायलिसिसवर पाळी अनियमित झाली म्हणजे दिवस राहणारच नाहीत, असं नाही. क्वचित राहतात. पाळी चुकली, मग पोटात एका बाजूला दुखायला लागलं आणि बॅग लाल आली, तर गर्भ नळीतच राहून नळी फुटल्याची शंका घ्यावी लागते, आणि तिथं तासांचा प्रश्न असतो. दवाखान्यात गेल्यावर "पाळी चुकली आहे" हे वाक्य पहिलं बोल. सासरे शेजारी उभे असले तरी बोल.

तुझ्या शेजारच्या बेडवर शिकायला आलेले ते काका आठवतात? त्यांच्या बॅगेत लाल आलं तर पाळीचं कारण लावता येत नाही. पाळी गेलेल्या बायकांचंही तसंच. त्यांनी दुखत नसलं तरी तपासून घ्यायलाच हवं. नवी नळी टाकल्यावर पहिले काही दिवस गुलाबी पाणी येतं आणि धुऊन धुऊन स्वच्छ होतं, ते वेगळं. पडणं, पोटावर मार बसणं, फार जड उचलणं यानंही येतं. बॅगांचे खोके टेम्पोतून उतरवून घरात रचायचं काम तू करतेस, ते बंद कर. पाण्याचा हंडासुद्धा नाही. याच उचलण्यानं बेंबीपाशी हर्नियाही होतो. आणि ज्यांना या डायलिसिसवर पुष्कळ वर्षं झाली, पाणी कमी निघायला लागलं, उलट्या होतात, पोट अडल्यासारखं वाटतं, त्यांच्या लाल पाण्याकडे आम्ही फार गंभीरपणे बघतो. पोटाचा पडदा जाड होऊन आतड्यांना आवळायला लागल्याची ती खूण असू शकते.

रात्री पोटाच्या डायलिसिसचंच मशीन लावून झोपणाऱ्या मुलींनाही हे सांग. त्यांचं पाणी पाइपनं परस्पर बाथरूममध्ये जातं, त्यामुळे लाली कुणाच्या नजरेलाच पडत नाही. सकाळी नळी काढण्याआधी पाइपमधल्या पाण्याचा रंग बघायचा. वयात येणारी मुलगी असेल तर तिच्या आईला आधीच सांगून ठेवायचं. पहिली पाळी बॅगेत दिसली तर पोर भेदरून जाईल.

दर महिन्याला फार लाल येत असेल, हिमोग्लोबिन उतरत असेल, तर त्यावर उपाय आहेत. स्त्रीरोगतज्ज्ञ पाळी थांबवणारी किंवा बीज सुटू न देणारी औषधं देऊ शकतात. पण त्यांतल्या काही गोळ्यांनी बीपी वाढतं, काहींनी रक्त गोठण्याचा धोका वाढतो, आणि ल्युपसमुळे किडनी गेलेल्या मुलींना तर फारच जपावं लागतं. म्हणून दोन्ही डॉक्टरांनी एकमेकांशी बोलायला हवं. तू मध्ये निरोप्या होऊ नकोस, फोन लावून दे. क्युरेटिंग किंवा गर्भपिशवीची दुर्बिणीतून तपासणी करायची ठरली, तर आधी पोटातलं पाणी पूर्ण काढायचं असतं आणि आधीच अँटिबायोटिकचा डोस लागतो. स्त्रीरोगतज्ज्ञाला हे माहीत असेलच असं धरू नकोस, आपण होऊन सांग.

आणि "पिशवीच काढून टाका, कटकट मिटेल" असं कुणी म्हणालं तर तिथल्या तिथे हो म्हणू नकोस. आपल्या राज्यात हा सल्ला फार स्वस्तात दिला जातो. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या कशा काढल्या गेल्या, त्याची चौकशी करायला 2019 साली सरकारला समिती नेमावी लागली. तुझ्या बाबतीत तर पोटावरची जखम भरून येईपर्यंत पोटात पाणी भरता येणार नाही, तोवर मशीनवर जावं लागेल. खरंच गरज असेल तर करावीच लागते, पण दुसऱ्या डॉक्टरचं मत घेऊन.

हिमोग्लोबिन उतरलं की घरचे म्हणतात, रक्ताची बाटली चढवून टाका. जीव धोक्यात असेल तर प्रश्नच नाही, चढवायचंच. पण तू किडनीसाठी विभागीय प्रत्यारोपण केंद्राच्या यादीत नाव नोंदवलंयस. परक्याचं रक्त चढलं की शरीरात त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊ शकतात, आणि मग जुळणारी किडनी मिळणं अवघड होतं. म्हणून एरिथ्रोपोएटिनचं इंजेक्शन आणि लोह यांवरच जमेल तितकं भागवायचं असतं. इंजेक्शन चुकवू नकोस. आणि रक्त चढवायची वेळ आलीच तर "मी प्रत्यारोपणाच्या यादीत आहे" हे तिथल्या डॉक्टरला आधी सांग.

परवाच्या लाल पाण्याबद्दल तू मला अजून पाळीची तारीख सांगितलेली नाहीस. आज संध्याकाळची बॅग काढलीस की रंग बघ, फोटो काढ, बीपी घे आणि तारखेसकट मला पाठव. उद्या सकाळपर्यंत पाणी स्वच्छ झालं नसेल तर नवऱ्याला बरोबर घेऊन ओपीडीत ये, बॅग आणि वही दोन्ही घेऊन.